पांढरा काठ

१८ जानेवारी

ही डायरी एका गिऱ्हाईक बाईने दिली. दरवर्षी अशा डायऱ्या येतात आणि मी त्यांत पार्लरच्या अपॉइंटमेंट लिहिते. यंदा सगळं मोबाइलवर गेलं, म्हणून ही कोरीच पडली होती. म्हटलं, आपणच काहीतरी लिहू. विनोद म्हणाला, तुला बोलायला माणसं कमी पडतात का? (समोर मी नवऱ्याला 'अहो' म्हणते. इथे सरळ विनोद लिहायला मजा येते. वाचली त्याने तर वाचली.)

आज एक गोष्ट ठरली. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, गावचं घर बंद करून कायमच्या आमच्याकडे साकोलीला येणार. मामंजी गेल्यापासून तलावाच्या पाळीखालच्या, म्हणजे बांधाखालच्या त्या घरात एकट्याच राहतात. विनोद दर महिन्याला जाऊन विनवायचा आणि हात हलवत परत यायचा. आज त्या फोनवर आपणहून 'येईन' म्हणाल्या. का, ते विचारायचं नाही असं विनोदने मला बजावलं.

त्यांची एकच अट आहे. फोन स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकलं. "येईन मी. पण माह्यं माह्यं मले करू द्या. आंघोळीले न् संडासले मले कोणी हात धरून नेलं, तं त्या दिवशी मी गावाले वापस."

विनोद हो हो म्हणत होता. मी मात्र त्या क्षणी आमच्या बाथरूमचा विचार करत होते. लाल कोबा, त्याला भेगा, भिंतीचे पोपडे आणि खाली बसायचं भांडं. पार्लरच्या बायका ते वापरतात तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आता निमित्तही चांगलं मिळालं. आईंसाठी बाथरूम नवीन करायचं. खर्च बेतात ठेवायचा, पण करायचं छान. रंगाचं सगळं मी बघणार, असं मी जाहीर करून टाकलं.

२२ जानेवारी

आई आल्या. एक ट्रंक, एक गाठोडं, पानाचा डबा. दारातून आत येताना चौकटीला खांदा लागला तर म्हणाल्या, "तुमचे दरवाजे लहान आहेत वो." आमचे दरवाजे गावच्या दरवाजांपेक्षा मोठे आहेत. पण म्हटलं, पहिल्याच दिवशी कशाला.

मी चहा नेऊन त्यांच्या बाजूला उभी राहिले. त्या सरळ समोर भिंतीकडे बघत बसलेल्या. कप पुढे धरला तरी मान वळवेनात. शेवटी "आई, चहा" म्हटलं तेव्हा हात पुढे केला. गाव सोडल्याचा राग माझ्यावर काढतायत बहुतेक. मी आणलं का त्यांना? त्यांच्या लेकाने आणलं.

२५ जानेवारी

गुड्डीने नागपूरहून बाथरूमचे फोटो पाठवले. माझी लेक बी.कॉम. करते आणि दिवसभर असले फोटो बघते. सगळीकडे एकच तऱ्हा आहे. फरशी आणि भिंत एका रंगाची, मध्ये कुठे रेघ नाही, पट्टी नाही. तिने लिहिलं, "मम्मी, लहान बाथरूम असं केलं की मोठं दिसते. मधात बॉर्डर टाकली की सारं तुकड्या-तुकड्यात दिसते."

मला पटलं. मेकअपचंही असंच असतं. मान आणि चेहरा वेगळा दिसला की काम बिघडलं. रंग एकमेकांत मिसळला पाहिजे, कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते कळता कामा नये. बावीस गावच्या नवऱ्या सजवल्या आहेत मी, मला रंगाचं कोणी शिकवू नये.

संध्याकाळी रंगाचं कार्ड घेऊन आईंजवळ बसले. बाथरूम त्यांच्यासाठी होतंय, तर त्यांना विचारलं पाहिजे. त्यांनी कार्ड मांडीवर घेतलं, त्यावरून बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "सगळेच छान आहेत वो. तुले आवडन तो घे." कार्ड उलटं होतं. वर नुसता कंपनीचा पत्ता आणि फोन नंबर. मी सुलटं करूनही दिलं नाही. ज्याला बघायचंच नाही त्याच्या मागे किती लागायचं?

उठताना मात्र म्हणाल्या, "खाली कोणताही टाक. काठ तेवढा पांढरा ठेवजो."

गावाकडे अंगण सारवलं की कडेने छुईचा, म्हणजे पांढऱ्या मातीचा पट्टा ओढतात. ओट्याला, चुलीला, पायरीला, सगळीकडे. आईंचा पट्टा गावात नावाजलेला. हातात फडकं, छुईचं पाणी, आणि एका दमात ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. लग्न होऊन गेले तेव्हा मला वाटलं होतं की दोरी लावून काढतात. पण ते सारवलेल्या घरात शोभतं. टाइल्सला काय सारवणार?

२७ जानेवारी

हायवेवरच्या भुपेंद्रच्या टाइलच्या दुकानात गेलो. नवीन मालाचे भाव ऐकून विनोद लगेच पाणी प्यायला बाहेर गेला. मग भुपेंद्रने मागच्या गोदामात नेलं. कुठल्यातरी लॉजच्या कामातला उरलेला माल होता. राखाडी, चमक नसलेली, पायाखाली घसरत नाही अशी टाइल. अगदी गुड्डीच्या फोटोतली. फरशी, अर्धी भिंत आणि बाहेरची पायरी, सगळं एकाच लॉटमध्ये निघेल एवढी. मला तर हर्षवायूच व्हायचा बाकी होता.

"वहिनी, बॉर्डर देऊ का एखादी?" भुपेंद्रने विचारलं. "पांढरी आहे, निळी आहे. तिचे पैसे अलग लागतीन."

मी म्हटलं, "नोको. बॉर्डर आता कोणी लावून राहिलं का? आमच्या सासूबाईंले पायजे होती, त्यायले सारवणाची आठवण येते." तोही हसला, मीही हसले. विनोद हसला नाही. पण त्याने काही म्हटलंही नाही.

वरच्या अर्ध्या भिंतीला त्याच्याच जवळचा फिका राखाडी रंग घेतला. कमोडही राखाडी मिळाला, डाग दिसत नाहीत म्हणून. सगळं एकजीव होणार.

३ फेब्रुवारी

गोमाजी मिस्त्रींनी कोबा फोडला. घरभर धूळ. माझ्या गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावर पावडर लावायची गरज नाही.

तोपर्यंत परसात साड्या बांधून न्हाणी केली आहे. आई तिथे खूश. सकाळी ऊन आलं की लोटा घेऊन एकट्या जातात, परसाच्या भिंतीला खालून चुना दिलेला आहे त्याच्या कडेकडेने. आंघोळ करताना गाणं म्हणतात. घरात आल्या की पुन्हा गप्प.

७ फेब्रुवारी

गोमाजी पायरीशी थांबले. बाथरूम बाकीच्या घरापेक्षा एक पायरी वर आहे, खाली पाइप आहेत म्हणून. "वहिनी," ते म्हणाले, "माह्याजवळ पांढऱ्या टाइलचे तुकडे पडले आहेत एका कामातले. फुकटचे. पायरीच्या तोंडाले न् खाली कडेनं लावून देऊ का? वाया जातीन नाही तं."

आई खाटेवर बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. मला आठवतं, कारण आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी कुठल्या बोलण्यात एवढं लक्ष घातलं.

मी म्हटलं, "नोको गोमाजी. सारा लूक जाते त्यानं."

"जशी तुमची मर्जी," म्हणून त्यांनी राखाडीच लावली. आईंनी मान खाली घातली आणि पानाचा डबा उघडला.

१४ फेब्रुवारी

झालं. दार उघडलं की वाटतं ढगात आलो. खाली राखाडी, बाजूला राखाडी, वर फिकी राखाडी. खोली खरंच दुप्पट दिसते. पायरीवर उभं राहिलं तर पायरी कुठे संपली ते कळतच नाही, इतकं सफाईचं काम. फोटो काढून गुड्डीला पाठवला. तिने लिहिलं, हॉटेलसारखं. पार्लरच्या तीन बायकांनी गरज नसताना जाऊन पाहिलं.

आईंना मी पहिला मान दिला. दाराशी नेलं. त्या उंबऱ्यावर बराच वेळ उभ्या. "कसं वाटते?" मी विचारलं.

"धुकं पडल्यासारखं," म्हणाल्या.

मला वाटलं कौतुक आहे. माझ्याही मनात ढगच आले होते ना.

१९ फेब्रुवारी

आई आता बाथरूममध्ये जायला फार वेळ लावतात. दाराशी थांबतात, पायाने चाचपतात, आत गेल्यावर भिंतीला हात लावून उभ्या राहतात. मी म्हटलं, "टाइल घसरत नाही आई, भुपेंद्रनं गॅरंटी दिली आहे." तर म्हणाल्या, "घसरण्याचं नाही वो." काल त्या पुन्हा परसात गेल्या, साड्या सोडलेल्या जागी, उघड्यावर. शेजारच्या गच्चीवर माणसं होती. मी हात धरून आत आणलं आणि जरा रागावले. घरात एवढं केलं आहे कोणासाठी?

लिहिल्यावर आठवलं. हात धरायचा नव्हता. पण तो आत आणायला धरला, आंघोळीला न्यायला नव्हे.

२५ फेब्रुवारी

नवीन त्रास. बाथरूमच्या फरशीवर चुन्याची बोटं. खायचा चुना. आई पानाला चुना लावून उरलेलं बोट टाइलला पुसतात. गावात सगळे म्हातारे हेच करतात. त्यांच्या ओसरीचा खांब बोटं पुसून पुसून कमरेएवढा पांढरा झाला आहे. तिथे मी कधी काही म्हटलं नाही. पण नवीन टाइलवर?

मी ओल्या फडक्याने पुसलं. चुन्याची डबीही लवकर संपते आहे. विनोदला म्हटलं, आईंचं पान वाढलंय, तोंडाला बरं नाही. त्याने आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "हो ना बापा, वाढलं थोडंसं. अजून एक डबी आणजो."

४ मार्च

आता नुसती बोटं नाहीत. पायरीच्या कडेने चुन्याची रेघ ओढली आहे. भिंत आणि फरशी मिळतात तिथे एक, कमोडभोवती एक गोल. आईंनी बाथरूमला सारवणाचा पट्टा घातला. माणूस गाव सोडतो पण गाव माणसाला सोडत नाही, दुसरं काय. आणि रेघ कशी? वाकडी, तुटक, कुठे जाड, कुठे नुसता ठिपका. ज्या बाईचा पट्टा गावात नावाजलेला, तिने अशी रेघ मुद्दाम काढली असणार. माझ्या टाइलचा राग.

पार्लरमध्ये एका बाईच्या डोक्याला मेंदी लावून ठेवली होती. ती बाथरूमला जाऊन आली आणि म्हणाली, "हर्षाताई, अंदर कुछ पूजा-बिजा किये क्या?" मला तोंड लपवायला जागा नव्हती.

तिच्यासमोरच मी आईंना बोलले. नको होतं बोलायला, पण बोलले. "आई, हे तुमच्या गावचं न्हाणीघर नाही. इथं लोक येतात. सारा चुना टाइलमध्ये बसून राहिला. तुमाले एवढंही समजत नाही का?"

त्या समोर बघत होत्या, माझ्याकडे नव्हे, माझ्या जरा बाजूला. "पुसून टाक बाई," म्हणाल्या. "नाही करत मी आता."

५ मार्च

ॲसिड आणून घासलं. गुडघे दुखले, हात भाजले, पण पांढरं म्हणून काही राहिलं नाही. पुन्हा तसंच, एकजीव.

आईंनी शब्द पाळला. आज एकही रेघ नाही. जेवल्या मात्र कमी. पाणीही कमी पितात, मी पाहते आहे. ग्लास भरून ठेवते तो तसाच असतो. विचारलं तर म्हणतात, "पाणी पेलं की जा लागते ना वो."

८ मार्च

आई पडल्या.

सकाळची वेळ. मी पार्लरमध्ये एका नवऱ्या मुलीचं फेशियल करत होते. आतून धप्प आवाज आला, मग लोटा गडगडला. हाक ऐकू आली नाही, म्हणून मला वाटलं लोटाच पडला. मी चेहऱ्यावरचा लेप पूर्ण लावून मग उठले. हे इथे लिहून ठेवते आहे, कारण विनोदला मी सांगितलं की लगेच धावले.

त्या पायरीवर आडव्या होत्या. एक पाय खाली, एक वर. चेहरा पांढरा. लुगडं कोरडं, फरशी कोरडी. "काहून हाक नाही मारली?" मी विचारलं. म्हणाल्या, "तुह्यं गिऱ्हाईक होते ना."

भंडाऱ्याला नेलं. खुब्याचं हाड मोडलं आहे.

११ मार्च

ऑपरेशन झालं. पवनीहून नणंद आल्या, उषाताई. विनोदची मोठी बहीण. मी बाहेरून चहा घेऊन आले तर आई म्हणाल्या, "उषा, दे इकडे." चहा माझ्या हातात होता. मी आणि उषाताई, दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. माझी उंची उषाताईंपेक्षा वीतभर जास्त आहे.

उषाताईंनी पुढे होऊन आईंच्या डाव्या बाजूला हात हलवला. मग उजव्या बाजूला. आई समोर बघत होत्या. "माय," उषाताई म्हणाल्या, "मी काय करून राहिली, सांग."

"काय करशील, उभी हायेस."

१३ मार्च

डोळ्याचे डॉक्टर खाली दुसऱ्या मजल्यावरच बसतात. स्ट्रेचरवरून नेलं. काचबिंदू आहे. डॉक्टर शांतपणे समजावून सांगत होते. यात कडेचं दिसणं आधी जातं, माणसाला नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसतं. पायाखालचं, बाजूचं दिसत नाही. एका रंगाच्या दोन वस्तू वेगळ्या कळत नाहीत. पायरी कळत नाही. काळ्याजवळ पांढरं असलं तर तेवढं कळतं.

"घरात कोणाच्या लक्षात आलं नाही?" त्यांनी विचारलं. दटावायला नाही, फॉर्ममध्ये भरायला.

विनोद म्हणाला, "नाही." मीही म्हणाले, "नाही."

गेलेलं परत येत नाही. उरलेलं टिकवायला थेंब दिले आहेत. तेही टिकेल असं नाही, आधी यायला हवं होतं, असं ते म्हणाले. आधी म्हणजे केव्हा, हे मी विचारलं नाही. जानेवारी म्हणाले असते तर?

१४ मार्च

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे. सारखी ती रेघ डोळ्यासमोर येते. वाकडी, तुटक, कुठे जाड. त्यांना दिसत नव्हतं म्हणून वाकडी होती. गुडघ्यावर बसून, बोटाने टाइलचा सांधा चाचपून, आपल्याला पाय कुठे टाकायचा ते त्या लिहून ठेवत होत्या. आणि मी त्यावर ॲसिड ओतलं.

विनोदला सांगितलं. तो बाकावर माझ्या शेजारी बसला. मग म्हणाला, "दुकानात मले सांगा लागत होते. माय उगीच काही मागत नाही, हे मले माहीत होते." त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

२ एप्रिल

दवाखान्यातून सुट्टी मिळाली. आई आमच्याकडे आल्या नाहीत. उषाताईंकडे पवनीला गेल्या. त्यांनीच सांगितलं, "उषाकडं अंगण हाय, सरळ जाता येते." रागाचा सूर नव्हता. मी ट्रंक भरून दिली. पानाच्या डब्यात चुन्याची डबी नव्हती. मी नवीन घेऊन ठेवली.

९ एप्रिल

गोमाजींकडे गेले. ते पांढरे तुकडे मागितले. म्हटलं, पायरी फोडा, कडा फोडा, काय लागेल ते करा.

"ते तं मी तेव्हाच घरच्या ओट्याले लावून टाकले वहिनी," ते म्हणाले. खाली बघून पुन्हा म्हणाले, "उखडून देऊ का?"

मी नको म्हटलं. येताना त्यांचा ओटा पाहिला. मातीच्या रंगाचा ओटा, कडेला पांढरी पट्टी. दुरूनसुद्धा कडा कळते.

१८ मे

पवनीला गेले, एकटी. आधी कळवलं नाही.

उषाताईंचं अंगण सारवलेलं, कडेने छुईचा ताजा पट्टा. आई वॉकर घेऊन त्या पट्ट्याच्या शेजारून न्हाणीकडे चालल्या होत्या. मान खाली, पट्ट्यावर नजर, एकट्या. मी फाटकाशी उभी राहिले. हाक मारली नाही. त्या न्हाणीच्या दगडाशी थांबल्या, पट्टा वळतो तिथे वळल्या, आत गेल्या. थोड्या वेळाने गाणं ऐकू आलं.

मग जवळ बसले. म्हटलं, "आई, सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तं तू हात धरला असता," त्या म्हणाल्या. "तू चांगली आहेस. चांगल्या माणसाचा हात सोडवता येत नाही. माह्या सासूची नजर गेली होती, मीच तिले खाटेवर बसवलं होते. मोठ्या मायेनं. तिथून ती उठलीच नाही."

मी रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवायला हात नेला, तो कानावर पडला. "तू पुसलं म्हणून नाही पडली मी. खाली पाणी होते."

पाणी नव्हतं. त्यांना मी उचललं होतं, मला माहीत आहे. पण मी मान हलवली, आणि मग लक्षात आलं की मान हलवलेली त्यांना दिसत नाही, म्हणून तोंडाने "हो" म्हटलं. मी माफी मागितली नव्हती आणि त्यांनी देऊन टाकली.

"घरी या," मी म्हटलं.

"दिवाळीले येईन," म्हणाल्या.

१० जून

पायरीला पांढरा ऑइलपेंट दिला. टाइलवर तो धरत नाही, आठवड्यात पापुद्रे निघाले. दुसऱ्या कंपनीचा दिला. तोही गेला. भुपेंद्र म्हणतो, आता फोडल्याशिवाय होत नाही, आणि फोडलं तर त्या लॉटची टाइल कुठेच मिळणार नाही. मिळाली नाही तर मिळाली नाही, मला ती नकोच आहे. पण सगळं फोडून नव्याने लावायला आत्ता जमणार नाही, असं विनोद म्हणाला. तेही खरं आहे.

बाथरूममध्ये गेले की आता ढग वाटत नाहीत. धुकं वाटतं. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

२१ ऑगस्ट

उषाताईंचा फोन. थेंब रोज चालू आहेत. तरी आई हल्ली पट्टा सोडून चालतात, फाटकाच्या दिशेने जातात. परवा तुळशीला अडखळल्या. पडल्या नाहीत. उषाताई म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत वाट पाहू नको. येऊन भेट." मी जाऊन आले. आई हसून बोलल्या. मी मात्र जास्त काही लिहीत नाही.

१४ ऑक्टोबर

दिवाळीचा बाजार भरला. गावाकडच्या बाया छुईचे गोळे घेऊन रस्त्याकडेला बसल्या होत्या. साकोलीत आता कोण घेतं, म्हणून एकीने मला जास्तच दिली. घरी येऊन भिजत घातली. फडकं फाडलं, पिळलं आणि पायरीवर ओढलं.

माझी रेघ आईंच्या चुन्याच्या रेघेहून वाकडी आली. मला तर सगळं दिसतं. पुसली आणि पुन्हा काढली. पाणी पडलं की वाहून जाते, म्हणून रोज सकाळी काढते. हात बसतो आहे. पार्लरच्या बायका विचारतात, हे काय. मी सांगते, आमच्या आईंसाठी. त्या 'अच्छा' म्हणतात आणि पाय जपून टाकतात.

१९ ऑक्टोबर

आज आई येणार म्हणून पहाटेच उठून सगळं काढलं. पायरीचं तोंड, फरशीची कड चारही बाजूंनी, कमोडभोवती गोल. मनासारखं आलं. आयुष्यात एवढ्या नवऱ्या सजवल्या, पण इतकं मन लावून काही केलं नसेल.

विनोदने त्यांना रिक्षातून उतरवलं. चौकटीला खांदा लागला. या वेळी त्यांनी दाराला दोष दिला नाही.

थोड्या वेळाने मी म्हटलं, "आई, चला, बाथरूम दाखवते. मी काठ काढला आहे. छुईचा."

"तू काढला?" त्यांचा चेहरा एकदम खुलला. "चाल, पाहू दे."

वॉकर घेऊन त्या माझ्या पुढे चालल्या. मी हात लावला नाही. पायरीपासून दोन पावलांवर थांबल्या. खाली पट्टा होता, राखाडीवर पांढरा लख्ख, मला तर डोळे मिटले तरी दिसला असता. आईंनी तोंड वळवलं ते वॉशबेसिनच्या भिंतीकडे. तिथे काहीच नव्हतं. नुसती राखाडी टाइल. तिच्याकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या, डोकं जरा वाकडं करून, जसं आपण कोणाचं काम नीट पारखतो.

"छान काढला वो," म्हणाल्या. "सरळ आला."

मी म्हटलं, "हो आई."

मग त्यांनी वॉकरवरचा एक हात सोडला आणि माझ्या बाजूला पुढे केला. मी तो हात धरला आणि त्यांना पायरी चढवली.